राव जोधा डेझर्ट रॉक पार्क, जोधपूर: कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांसाठी

जोधपूरला फोटो काढायला येणारी बहुतेक मंडळी पहाटे उठतात आणि थेट ब्रह्मपुरी या जुन्या वस्तीतल्या निळ्या गल्ल्या गाठतात. माझं सांगणं आहे, पहिली सकाळ तिथे घालवू नका. मेहरानगड किल्ल्याला लागूनच राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे. आधी तिकडे जा, तिथला गाइड सोबत घ्या, दोन-तीन तास नीट फिरा आणि मग गावात उतरा. निळ्या भिंती संध्याकाळीही तिथेच असतात. पण पार्क बघून आलेल्या माणसाला त्या भिंतीच्या पायाचा दगड, कोपऱ्यात उगवलेलं झुडूप, गच्चीवर वाळत घातलेल्या शेंगा हे सगळं दिसायला लागतं, आणि मग फोटोही वेगळेच येतात.

मी मूळची सांगोल्याची. बँकेतल्या बदलीने जोधपूरला आले. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर पडायचं, हा छंद जुनाच. उन्हाचं आणि बोडक्या माळाचं मला नवल नव्हतं, त्यामुळे ‘वाळवंटातली झाडं’ बघायला तिकीट काढून जायचं ही कल्पनाच सुरुवातीला पटली नव्हती. ऑफिसमधल्या एका मारवाडी ताईंनी मागे लागून पाठवलं. आता घरी पाहुणे आले की मीच त्यांना आधी तिथे घेऊन जाते.

जागा कशी आहे ते आधी सांगते. सुमारे ७२ हेक्टरचा हा खडकाळ पसारा आहे. इथला दगड म्हणजे सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीतून आलेला रायोलाइट आणि ज्वालामुखीच्या राखेचा घट्ट झालेला खडक. आपला सह्याद्रीचा काळा बसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे हा त्याच्या दहापटीहून जुना. मेहरानगडची टेकडी याच खडकाची. काही ठिकाणी त्यावर वालुकाश्माचा थर बसलेला आहे आणि दोन्हींची सांधरेषा उघडी दिसते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने इथल्या खडकाला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिलेला आहे. कॅमेऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की एकाच चौकटीत तुम्हाला तपकिरी, जांभळट, विटकरी आणि फिकट गुलाबी रंग मिळतात, आणि तेही कसलं फिल्टर न लावता.

या खडकावर काही वर्षांपूर्वीपर्यंत वेडी बाभूळ माजलेली होती. सोलापूर, सांगोला, मंगळवेढा भागातल्या माणसाला हे झाड काय चीज आहे ते सांगायला नको. तोडलं की दुप्पट फुटतं, आणि खाली दुसरं काही टिकू देत नाही. इथे लोक तिला बावळियो म्हणतात. विमानातून बी टाकून ती पसरवली, असं जोधपुरात सर्रास ऐकायला मिळतं. २००६ मध्ये निसर्ग अभ्यासक प्रदीप क्रिशन यांच्या मार्गदर्शनाखाली ही जागा पुन्हा मूळ रूपात आणायचं काम सुरू झालं. अडचण अशी की बाभळीची मुळं खडकाच्या भेगांत खोल गेलेली. वरून तोडून भागत नव्हतं आणि किल्ला इतका जवळ असताना सुरुंग लावणं शक्यच नव्हतं. शेवटी खांडवाळियांना बोलावलं. हे पिढ्यानपिढ्या दगडाच्या खाणीत काम करणारे लोक. हातोडा मारून आवाजावरून खडक कुठे पोकळ आहे, कुठे भेग आहे ते ओळखतात. त्यांनी छिन्नी-हातोड्याने खडक फोडून मुळं काढली, आणि तयार झालेल्या त्याच खड्ड्यांत माती भरून थरच्या वाळवंटातली स्थानिक झाडं लावली गेली. फेब्रुवारी २०११ मध्ये पार्क लोकांसाठी खुलं झालं.

हा इतिहास मुद्दाम सविस्तर लिहिला, कारण गाइडबरोबर फिरताना तो प्रत्यक्ष दिसतो. झाड सपाट जमिनीत नसतं, दगडातल्या खळग्यात उभं असतं. मी खूप वेळा फक्त हे खळगेच टिपले आहेत. तिरप्या उन्हात खळग्याची एक कड उजळते, एक काळोखी राहते, आणि मधून हिरवी काडी वर आलेली असते. माणसाच्या हाताने केलेली कलाकुसर म्हणून मला हे हवेल्यांच्या जाळीइतकंच मोलाचं वाटतं. जाळी बघायला सगळे जातात, खळग्यापुढे कुणी थांबत नाही. गाइड नसता तर मीही थांबले नसते.

गाइडबद्दल आता नीट सांगते, कारण या जागेची खरी सेवा तीच आहे. प्रवेशाच्या तिकिटाव्यतिरिक्त त्याचे वेगळे पैसे द्यावे लागतात. माझ्या मते ते वाचवू नयेत. आमच्या सोबतचा मुलगा तिथलाच, जवळच्या वस्तीत वाढलेला. घाई नाही, पाठ केलेलं भाषण नाही. मी गुडघ्यावर बसले की सूर्य कुठे आहे ते बघून तो आपणहून बाजूला सरकायचा, त्याची सावली फुलावर पडू नये म्हणून. कुमटियाच्या फांदीपाशी थांबवून म्हणाला, “मॅडम, काँटे गिनो.” मोजले. प्रत्येक ठिकाणी तीन. दोन वर वळलेले आणि मधला खाली, आकड्यासारखा. तोवर मी त्या झाडाला नुसतं ‘काटेरी’ म्हणून सोडून देत होते. नंतर काढलेला त्या तीन काट्यांचा जवळून घेतलेला फोटो माझ्या संग्रहातल्या सर्वांत आवडत्या फोटोंपैकी आहे. डिंक देणारं झाड ते हेच.

थोर हे इथलं मुख्य पात्र. लांबून निवडुंगासारखे दिसणारे, माणसाच्या उंचीचे झुबकेच्या झुबके. चीक असतो, त्यामुळे तोडून बघायच्या फंदात पडू नका. उन्हाळ्याच्या तोंडी पानं गळून नुसते दांडे उरतात आणि मागे किल्ल्याचे बुरूज ठेवून फोटो घेतला तर दोन्हींच्या उभ्या रेषा छान जमतात. केर म्हणजे आपली नेपती. तिला जवळजवळ पानंच नसतात, सगळा हिरवा संसार काड्यांवर. वसंतात त्या काड्यांना विटकरी-लाल फुलं येतात, लांब केसर बाहेर काढलेली. वारा असतो, फूल हलतं, फोकस सुटतो. यावर उपाय एकच: शटरचा वेग वाढवा आणि थांबा. वाऱ्याच्या दोन झुळकांमध्ये क्षणभर उसंत मिळते. रोहिडा फुलला असेल तर भाग्य समजा. पिवळी, केशरी, लाल अशी घंटेसारखी फुलं असतात, आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात ती मागून उजळली की बाकी काही करावं लागत नाही.

वाटा आणि प्रकाश यांबद्दल थोडं. प्रवेश सिंघोडिया पोळ या जुन्या दरवाजातून आहे. तिथल्या माहिती केंद्रात दगड आणि झाडं यांची ओळख करून देणारं प्रदर्शन आहे. ते वगळून पुढे पळू नका. मग वेगवेगळ्या रंगांच्या खुणा केलेल्या पायवाटा लागतात. मला सर्वांत आवडते ती हाथी नहरीची वाट. पावसाचं पाणी किल्ल्याजवळच्या तलावाकडे नेण्यासाठी खडकात खोदलेला हा जुना कालवा. दोन्ही बाजूंना दगडाची भिंत, त्यामुळे ऊन चढल्यावरही इथे मऊ प्रकाश टिकतो. एका भिंतीवरून परतलेलं ऊन दुसरीवर पडतं आणि तपकिरी दगडाला आतून उब आल्यासारखी दिसते. वर मोकळ्या खडकावर आलं की मात्र प्रकरण वेगळं. जवळच जसवंत थडा हे राजघराण्याचं स्मारक आहे, १८९९ सालचं, पांढऱ्या संगमरवराचं. ते आणि काळपट खडक एकाच चौकटीत घ्यायला गेलात तर कॅमेरा गोंधळतो. संगमरवराचे बारकावे पांढऱ्यात हरवणार नाहीत इतपत एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा प्रकाश, कमी ठेवा, खडकाच्या सावल्या नंतर उजळता येतात. पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा चकाकी कापणारा फिल्टर, असेल तर बरोबर घ्या. थोराच्या गुळगुळीत दांड्यावरची चकाकी त्याने जाते आणि खरा हिरवा रंग उरतो. फोन घेऊन आलात तरी काही बिघडत नाही. काटे, साली, दगडावरची दगडफुलं यांसाठी आजकालच्या फोनचा मॅक्रो पुरेसा आहे.

आता गावाकडे. पार्कमधून खाली उतरून घंटाघराच्या सरदार मार्केटमध्ये शिरलात तर वाळवणाच्या दुकानांपुढे थांबा. पंचकुट्याची भाजी इथल्या घराघरात होते: केर, सांगरी, कुमट, गुंदा म्हणजे आपलं भोकर, आणि सोबत आमचूर किंवा लाल मिरची. केर म्हणजे सकाळी फुलात पाहिलेल्या नेपतीची फळं. सांगरी म्हणजे खेजडीच्या, आपल्या शमीच्या शेंगा. कुमट म्हणजे त्या तीन काट्यांच्या झाडाच्या चपट्या बिया, रंग थेट तिथल्या खडकाचा. पोत्यांच्या उघड्या तोंडांचा फोटो पर्यटक नेहमीच काढतात. पण झाड ओळखीचं झालं की फोटोत काय घ्यायचं ते बदलतं. मी आता पोत्यांऐवजी दुकानदाराच्या बोटांकडे बघते. केरांतून देठ आणि खडे निवडताना ती बोटं इतकी सराईतपणे चालतात की शटर जरा मंद ठेवलं तर हात धूसर आणि दाणे स्पष्ट असा सुरेख फोटो मिळतो. काढण्याआधी विचारा. मला तरी कुणी नाही म्हटलेलं नाही.

आणि मग निळ्या गल्ल्या. चुन्यात नीळ कालवून भिंती रंगवायची इथली रीत. ब्राह्मणांची घरं ओळखू यावीत म्हणून, घर थंड राहावं म्हणून, वाळवी लागू नये म्हणून, अशी वेगवेगळी कारणं लोक सांगतात. मला स्वतःला भिंतीच्या निळाईपेक्षा दाराशेजारची चित्रं जास्त ओढतात. घरात लग्न झालं की दाराच्या दोन्ही बाजूंना गणपती, हत्ती, घोडा, कलश रंगवतात आणि नवरा-नवरीची नावं, तारीख लिहितात. पुढच्या लग्नापर्यंत ते चित्र ऊनपाऊस खात तसंच राहतं. एका दारापाशी मी फिकट झालेल्या हत्तीचा फोटो घेत होते तर आतून आजीबाई आल्या. म्हणाल्या, “बाईसा, हा माझ्या धाकट्याच्या लग्नाचा. थोरल्याचा याच्या खाली आहे.” खरोखरच, जिथे पोपडा उडाला होता तिथून जुन्या घोड्याचा एक पाय डोकावत होता. त्या भिंतीचा खालचा फूटभर भाग बिनरंगाचा होता, आणि तो दगड सकाळी पार्कमध्ये पाहिलेलाच. खडक, त्यावर चुना, त्यावर निळ, त्यावर घोडा, त्यावर हत्ती. सगळं एका फोटोत आलं.

याउलट अनुभवही सांगायला हवा. इथे ‘ब्लू सिटी फोटो टूर’ विकणारे बरेच आहेत. त्यातल्या एकाबरोबर, नाव घेत नाही, मी पैसे भरून गेले होते. त्यांनी एका वयस्क गृहस्थांना लाल साफा बांधून निळ्या दारापुढे बसवलं आणि आम्ही सगळ्यांनी ओळीने तोच फोटो काढला. गृहस्थ आज्ञाधारकपणे मान वळवत होते. मला ते बघवलं नाही. त्यांच्या घराची भिंत, त्यांचा पाट, खाटेवरची गोधडी, यातलं काहीच कुणाला नको होतं. वाळवंटी शहराचं रोजचं जगणं टिपायला आलेल्या माणसाने अशा ठिकाणी पैसे देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. तेच पैसे पार्कच्या गाइडला द्या.

थोड्या व्यावहारिक गोष्टी. पायवाटा दगडी आणि चढउताराच्या आहेत. घट्ट पकडीचे बूट घाला. गुडघेदुखी असलेल्यांनी लहान वाटेवरच थांबावं, हाथी नहरीचा पहिला टप्पाही पुरेसा सुंदर आहे. सावली जवळपास नाही, पाणी आणि टोपी हवीच. लेन्स बदलायची असेल तर माहिती केंद्रात बदलून निघा, वर वाऱ्याबरोबर बारीक धूळ असते.

कधी जावं? पावसाळ्यात, चांगला पाऊस पडून गेल्यावर, खडक ओला असतो तेव्हा त्याचे रंग सर्वांत गडद दिसतात आणि भेगाभेगांतून गवत उगवलेलं असतं. किड्यांचे, फुलपाखरांचे फोटो हवे असतील तर हाच काळ. फुलांसाठी फेब्रुवारी ते एप्रिलची सुरुवात. डिसेंबर-जानेवारीत हवा छान, पण गर्दीही तेव्हाच, आणि बरीच झाडं नुसत्या काड्यांची. ज्यांना रेषा आणि पोत आवडतात त्यांनी मात्र तेव्हाच यावं. मे महिन्यात यायचंच असेल तर उघडण्याच्या वेळेला दारात हजर राहा आणि ऊन तापायच्या आत खाली उतरा. उघडण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारा, आणि गाइड हवा असल्याचं त्याच फोनवर सांगून ठेवा.