वकिलीची सुरुवात कुठे करावी: मोठी लॉ फर्म की सिनिअर वकिलाचं चेंबर, म्हणजे त्याचं कार्यालय?

मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये पहिल्याच वर्षी महिना लाखाच्या वर पगार मिळतो. शैक्षणिक कर्ज डोक्यावर असेल तर आधी हेच दार ठोठवा. त्यात कमीपणा काहीच नाही. पण तिथे तासातासाचा हिशेब लिहावा लागतो, आणि रात्री दोनला आलेला मसुदा सकाळी तयार हवा असतो. म्हणून फर्मच्या पार्टनरला, म्हणजे भागीदाराला नव्हे, तिथे दोन वर्षं काढलेल्या असोसिएटला, म्हणजे पगारी वकिलाला विचारा: मागची सुट्टी खरंच मिळाली का? तुझ्या बॅचचे किती जण उरलेत?

फोर्टमधल्या चेंबरमध्ये पैसा तुटपुंजा. बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेने, २०२४ मध्ये शहरी ज्युनिअरसाठी महिना किमान २०,००० रुपये सुचवले, तेही बंधनकारक नाही. मात्र उच्च न्यायालयातलं कामकाज रोज जवळून बघता येतं. कोर्टाची खरी ओढ असेल, तर घरच्यांशी बोलून दोन वर्षं तंगीत काढावीत असंच मी सांगेन.