सोलापुरातलं विजापूर रोडचं रिहॅब सेंटर, आठ महिने दादाला घेऊन जातोय

नुसता हातपाय चालू करून घ्यायचा असेल तर कुठंही जावा, फार फरक नाही. आमचं दुखणं वेगळं होतं. दादा टॉवेलच्या कारखान्यात जॉबर (माग नीट चालू ठेवणारा), 2019 ला अक्कलकोट रोडला रात्री गाडी घसरली, हेल्मेट हँडलला लटकवलेलं, डोक्यात रक्त साचलं, ऑपरेशन, 12 दिवस बेशुद्ध. सहा महिन्यांनी काठी टेकत चालायला लागला तसं सगळे म्हणायला लागले झाला की ओ बरा. बरा कसला, जेवून उठला की पाच मिनिटात वहिनीला विचारतो वाढतेस का, पोरानं टीव्हीचा आवाज वाढवला तर अंगावर धावून जातो आन संध्याकाळी त्यातलं काही आठवत नाही. सुताला गाठ मात्र अजून डोळे झाकून मारतो, पण कुठल्या मागासाठी उठलो तेच विसरतो.

आधी एका ठिकाणी (नाव नको) वर्षभर पायाला मशीन लावून घेतलं, रागाचं विचारलं तर म्हणे घरच्यांनी लाडावून ठेवलंय.

इथल्या ऑक्युपेशनल थेरपीवाल्या (रोजची कामं परत करायला शिकवणाऱ्या) मॅडमनी पहिल्याच दिवशी त्याला चहा करायला लावला, तिथंच छोटा ओटा केलाय. दूध उतू जाऊन करपलं, बाहेर बाकड्यावर आम्हाला वास आला आन दादा पातेल्याशेजारी निवांत उभा. मॅडमनी विचारलं, वास येतो का यांना? येतच नव्हता! डोक्याला मार बसला की वासाच्या नसा तुटू शकतात म्हणे. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. शेंगाची चटणी मातीसारखी लागते म्हणून तो ताट सरकवायचा आन वहिनी समजायची तिचंच काहीतरी चुकतंय. त्याच आठवड्यात घरी गॅसचा अलार्म बसवला.

आता खिशात डायरी असते, जेवलं की टिक, गोळी घेतली की टिक. फिटची गोळी चुकत नाही हे मोठं काम झालं. चिडला की समजावत बसायचं नाही, आपण खोलीतनं बाहेर पडायचं. दुपारची झोप कंपल्सरी, थकला की जास्त बिघडतो.

दिव्यांग कार्डाचं पण इथंच कळलं. कायद्यातल्या अपंगत्वाच्या 21 प्रकारांत डोक्याच्या माराचा वेगळा रकाना नाही, आमचे पायाचेच 30 टक्के धरले होते, सवलतींना निदान 40 लागतात. मॅडमनी विसरणं, वागणं सगळं लिहून रिपोर्ट दिला, परत तपासणीला अर्ज केलाय, बघू.

तक्रारी आहेत. सेंटर पहिल्या मजल्यावर आन लिफ्ट नाही, रिहॅब सेंटरला! गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेत दोन दिवस बंद ठेवलं, साधा फोन नाही, आम्ही पार विडी घरकुल वस्तीतनं रिक्षा करून आलो आन कुलूप. फी एका वेळचे 500, आठवड्यातनं दोनदा म्हणजे आम्हाला जडच जातं.

साडेतीन स्टार. जाणार असाल तर सकाळचीच वेळ मागा, आन माणूस घरी कसा वागतो ते सांगायला घरातलं कुणीतरी सोबत न्या, कारण दादाला विचारलं तर तो अजून म्हणतो मला काय झालंय.