कट्यार परत बघितलं, या वेळी पुण्याच्या मंडळींसोबत

पुण्याहून आत्या आणि तिची नातवंडं इंदूरला आलीत, तर सगळ्यांना घेऊन संगीत कट्यार काळजात घुसलीच्या प्रयोगाला गेलो. पोरांना फक्त २०१५ चा पिक्चर माहीत, मूळ नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, १९६७ चं, संगीत पं. जितेंद्र अभिषेकीबुवांचं, हे ऐकून म्हणे इतकं जुनं? पण 'घेई छंद' हे पद आधी नाटकातल्या पंडितजींच्या घराण्याच्या (गायकीच्या परंपरेच्या) ठाय, म्हणजे संथ ढंगात आणि मग त्यांचे प्रतिस्पर्धी गायक खाँसाहेबांच्या तानांनी भरलेल्या ढंगात आलं तेव्हा मोबाईल आपोआप खिशात गेले. माझ्या मते पूर्ण नाटक इथेच आहे, दोन घराण्यांचं भांडण एका पदातच कळतं, संवाद नसते तरी चाललं असतं.

खाँसाहेब करणारा मस्त गायला, मूळ नाटकात ही भूमिका गाजवणाऱ्या वसंतराव देशपांडेंशी तुलना करायची नाही असं ठरवून गेलेलो, आत्याने पहिल्या तानेलाच केली 😄 साऊंड मात्र बेकार, तबला इतका वर की शब्दच कळेनात, आणि मागच्या रांगेतले काका प्रत्येक पद सोबत गात होते, तेही बेसूर. तरी वन्स मोअर मिळालाच.

नाट्यगीतं आवडत असतील तर तिकीट काढाच, पुढच्या रांगा मात्र नको. रात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, भुट्ट्याचा (मक्याचा) कीस खाताना पोरं तानांवरच भांडत होती.