२७ इंची पडदा, मॉनिटर आर्म आणि जवळचा चष्मा : अल्पदृष्टी असलेल्या मुद्रितशोधकाचा वर्षभराचा अनुभव

माझ्या दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिपटलाचा मध्यभाग, म्हणजे मॅक्युला, अधू झाला आहे. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/३६ इतकीच आहे, म्हणजे निरोगी डोळ्याला ३६ मीटरवरून दिसणारे अक्षर मला ६ मीटरवरून दिसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अल्पदृष्टीची जी व्याख्या केली आहे, तिच्यात मी बसतो. व्यवसाय मुद्रितशोधनाचा असल्यामुळे ‘रु’ आणि ‘रू’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘ष’ आणि ‘प’ यांतला फरक अंदाजाने ओळखून चालत नाही. गेले वर्षभर ज्या मांडणीवर मी रोज पाच-सहा तास काम करतो आहे, तिचे हे परीक्षण आहे. तिच्यात २७ इंची फोर-के मॉनिटर, गॅस स्प्रिंगचा मॉनिटर आर्म (टेबलाला लावून पडदा हवा तसा पुढेमागे, वरखाली सरकवता येणारा हात), २५ सेंटिमीटर अंतरासाठी करून घेतलेला चष्मा आणि विंडोज ११ मधील सोयी एवढ्या गोष्टी येतात.

यांपैकी सर्वाधिक उपयोग झाला तो आर्मचा. हे आधीच नमूद करतो, कारण खरेदीच्या वेळी मीच त्याला दुय्यम मानले होते. त्यापूर्वी मी ४३ इंची टीव्ही संगणकाला जोडून पाहिला होता. पडदा मोठा घेतला आणि मोठा आहे म्हणून तितकाच मागे सरकवला, तर डोळ्यात उमटणारी अक्षराची प्रतिमा होती तेवढीच राहते. उलट ५० सेंटिमीटरवरचा पडदा २५ सेंटिमीटरवर आणला, की तीच प्रतिमा दुप्पट होते आणि त्यासाठी पडद्यावरची एकही ओळ गमवावी लागत नाही. टीव्हीही मी जवळ ओढून पाहिला, परंतु त्याची रुंदी ९५ सेंटिमीटर. मधोमध ३० सेंटिमीटरवर बसले, तरी दोन्ही कडा डोळ्यांपासून ५६ सेंटिमीटरवर जातात, आणि ओळीच्या सुरुवातीची व शेवटची अक्षरे जवळजवळ निम्म्या आकाराची व तिरपी दिसतात. २७ इंची पडद्याची रुंदी ६० सेंटिमीटर असल्याने २५ सेंटिमीटरवर बसूनही कडा ३९ सेंटिमीटरवरच राहतात. हे अंतरही थोडे नाही, म्हणून मजकुराची खिडकी मी मधल्या भागातच ठेवतो.

पडदा जवळ आणण्याची किंमत डोळ्याच्या भिंगाला मोजावी लागते. २५ सेंटिमीटरवरचे स्पष्ट दिसण्यासाठी ४ डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे भिंगाची ताकद मोजण्याचे एकक) ताकद लागते. तरुण डोळा ती स्वतः पुरवतो, पन्नाशीचा डोळा पुरवू शकत नाही. नेहमीची चाळिशी साधारण ४० सेंटिमीटर धरून दिलेली असते. तिच्यासह पडदा जवळ आणला, तर अक्षर मोठे होते खरे, पण पुसटही होते. पहिल्या आठवड्यात माझी नेमकी हीच फसगत झाली आणि मी आर्म परत करण्याच्या बेतात होतो. लो व्हिजन तपासणी करणाऱ्या डॉक्टरांकडे अंतर मोजून नेले आणि त्या अंतराचा वेगळा चष्मा करून घेतला, तेव्हा मांडणी खऱ्या अर्थाने पूर्ण झाली.

फोर-के पडद्याचा खर्च इतक्या जवळून वाचणाऱ्यासाठीच योग्य आहे. २७ इंची फुल एचडी पडद्यावर एक ठिपका सुमारे ०.३१ मिलिमीटरचा असतो, फोर-केवर त्याच्या निम्मा. देवनागरीत शिरोरेषेच्या वर अनुस्वार, रफार, चंद्रकोर आणि वेलांट्या यांची दाटी असते, आणि ठिपके मोठे असले की हे सगळे एकमेकांत मिसळते. याच कारणासाठी सलग वाचनाला विंडोजच्या मॅग्निफायरपेक्षा स्केलिंग, म्हणजे पडद्यावरचे सगळे मोठ्या आकारात दाखवण्याची विंडोजची सेटिंग, वाढवणे मला श्रेयस्कर वाटते. मॅग्निफायर आधीच रेखाटलेले चित्र ताणतो, स्केलिंगमध्ये अक्षर त्या आकारात नव्याने रेखाटले जाते. मी स्केलिंग २५० टक्क्यांवर ठेवले आहे. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह दाबून मजकूर आणखी मोठा होतो, आणि बहुतेक पानांवर ओळी खिडकीच्या रुंदीनुसार मोडून खाली येतात. मॅग्निफायर मी स्कॅन केलेल्या पानांपुरता वापरतो. विंडोजची कळ आणि अधिकचे चिन्ह दाबले की तो सुरू होतो, विंडोजची कळ आणि एस्केप दाबले की बंद होतो.

फॉन्टच्या बाबतीत मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ मला सर्वांत सुखाचा वाटला. तो विनामूल्य मिळतो आणि त्याच्या अनेक जाडींपैकी मधली जाडी निवडली, तर काने-मात्रा शिरोरेषेइतक्याच ठळक दिसतात. काळ्यावर पांढरी अक्षरे अनेकांना मानवतात. मला मात्र त्यात शिरोरेषा फुलल्यासारखी होऊन तिच्यावरचा अनुस्वार गिळते, त्यामुळे मी फिकट पिवळसर पार्श्वभूमीवर काळी अक्षरे ठेवतो आणि उजेड खिडकीच्या बाजूने, पडद्याशी काटकोनात घेतो.

मॉनिटरबद्दल माझी एक गंभीर तक्रार आहे. त्याची बटणे मागच्या बाजूला आहेत आणि प्रखरता बदलण्याचा मेनू मॉनिटर स्वतः रेखाटतो, त्यामुळे मॅग्निफायर तो मोठा करू शकत नाही आणि एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम तो वाचूनही दाखवू शकत नाही. ज्या वस्तूकडे अल्पदृष्टीचा माणूस दिवसभर पाहणार आहे, तिचाच मेनू त्याला वाचता येऊ नये, हे मला अन्यायाचे वाटते. ट्विंकल ट्रे नावाच्या विनामूल्य प्रोग्रॅममुळे प्रखरता संगणकातूनच बदलता येऊ लागली आणि माझ्यापुरता प्रश्न सुटला.

आर्म घेताना मॉनिटरच्या मागे १०० मिलिमीटर अंतराची चार छिद्रे आहेत का, आणि मॉनिटरचे वजन आर्मच्या कमाल तसेच किमान मर्यादेत बसते का, हे पाहावे. वजन कमी पडले तर पडदा आपोआप वर सरकतो. टेबलाच्या मागच्या कडेखाली पट्टी असेल तर आर्मचा क्लॅम्प, म्हणजे टेबलाची कड पकडणारा चिमटा, बसत नाही. काचेच्या टेबलाला तो लावूच नये.

ज्यांच्या दृष्टीचे क्षेत्रच अरुंद झाले आहे, म्हणजे काचबिंदू किंवा रेटिनायटिस पिगमेंटोसा असलेल्यांना, मी ही मांडणी सुचवणार नाही. त्यांना अक्षर मोठे केल्यावर एका नजरेत कमी अक्षरे मावतात आणि ओळ हरवते, त्यामुळे लहान पडदा व ठळक रंगभेद त्यांना अधिक सोयीचा पडेल. इतरांनी खरेदीपूर्वी ६० बाय ३४ सेंटिमीटरचा पुठ्ठा कापून त्यावर मोठ्या अक्षरांत छापलेली मराठी पाने चिकटवावीत आणि तो डोळ्यांपासून २५ सेंटिमीटरवर उभा करून अर्धा तास वाचून पाहावे. मान दुखते की नाही आणि कडेची अक्षरे लागतात की नाही, हे तेवढ्यातच कळते.