शाळेचा ट्रॉली स्पीकर : नऊ महिने वापरल्यानंतर

जूनमध्ये प्रवेशोत्सवाच्या आदल्या दिवशी हा स्पीकर शाळेत आला. १२ इंची, चाकांचा, दोन कॉर्डलेस माईक, ब्लूटूथ, पेनड्राइव्ह. असे स्पीकर सगळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. माण तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते पाचवी, पट ४३, शिक्षक दोन. मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. साडेआठ हजारांची वर्गणी घरोघर फिरून आम्ही तिघींनी जमवली. कुणी पन्नास दिले, कुणी पाचशे. त्यामुळे या वस्तूबद्दल खरं तेच लिहायचं ठरवलंय.

आधी तक्रार. या स्पीकरला इकोचं बटण कशाला दिलंय?

आवाजाच्या बटणाशेजारी तसंच दिसणारं हे बटण आहे, आणि खोक्यातून आला तेव्हाच ते अर्ध्यावर फिरवलेलं होतं. १५ ऑगस्टला त्याने घात केला. आमच्या शाळेतून पाचवी झालेल्या मुलीचं नाव शिष्यवृत्ती परीक्षेच्या गुणवत्ता यादीत आलं होतं. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, एकूण ३०० गुण. त्यातले २७२ तिने मिळवले. वाडीवर हे पहिल्यांदाच घडत होतं. सत्काराला उत्तर द्यायला ती उभी राहिली. आजीने आपल्याला रोज पहाटे कसं उठवलं, ते तिने लिहून आणलं होतं. पण एक शब्द संपायच्या आत आधीचा शब्द परत येत होता आणि समोरच्या डोंगरावरून तिसऱ्यांदा. पुढच्या रांगेत बसलेली तिची आजी शेजारणीला विचारत होती, "काय म्हनली गं पोरगी?" शेजारणीलाही कळलं नव्हतं. सर बटणं शोधेपर्यंत भाषण संपलं.

त्या दिवसापासून मी या बटणाच्या मागे लागले आहे. आधी चिकटपट्टी लावली, ती मुलांनी काढली, कारण इकोत स्वतःचं नाव ऐकायला त्यांना आवडतं. मग सरांना विचारून बटण शून्यावर आणलं आणि एम-सील भरून कायमचं बंद केलं. शाळेसाठी घेणार असाल तर पहिल्याच दिवशी हे करा. लहान मुलांचा आवाज मुळातच बारीक, उच्चार अजून बसायचे असतात. त्यावर इको चढवला की मूल काय बोललं ते कुणापर्यंतच पोचत नाही.

दुसरा राग बॅटरीचा, आणि त्याबाबत मला मत बदलावं लागलं. वाचन प्रेरणा दिनाला, १५ ऑक्टोबरला, मुलांनी गोष्टी वाचल्या आणि लगेच दिवाळीची सुटी लागली. सुटीनंतर पहिल्याच परिपाठाला स्पीकर उघडला तर दिवासुद्धा लागेना. रात्रभर चार्जिंगला लावला, काही नाही. पाच महिनेही झाले नव्हते. दुकानदार फोनवर म्हणाला घेऊन या. एसटीत चढवून नेला, तर म्हणाला बॅटरी वॉरंटीत बसत नाही, वापरणाऱ्याची चूक आहे. वर्गणीचे पैसे डोळ्यासमोर होते, मी तिथे चांगलीच भांडले. स्पीकर तसाच परत आणला आणि "घेऊ नका" असं चार शाळांना कळवूनही टाकलं.

शेवटी गावातल्या मोटर वाइंडिंगवाल्या काकांनी तो उघडला. आत १२ व्होल्टची, ७ अँपिअर-अवरची बंद लेड-ॲसिड बॅटरी, दुचाकीच्या बॅटरीच्या जातीची. मीटरवर ५ व्होल्ट. ही बॅटरी पूर्ण उतरवून ठेवली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि मग ती चार्ज धरत नाही. आमचा स्पीकर सुटीभर चालूच राहिला होता. म्हणजे माल वाईट नव्हता. त्या चारही शाळांना मी पुन्हा फोन केले. मात्र विकताना "सुटीत महिन्यातून एकदा चार्ज करा" एवढं वाक्य दुकानदाराने सांगितलं असतं तर नव्या बॅटरीचे अकराशे वाचले असते, हे माझं म्हणणं अजूनही आहे.

आता कामाचं. पूर्वी १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, स्नेहसंमेलन, प्रत्येक वेळी मंडपवाल्याला हजार रुपये जायचे आणि वीज गेली की सगळं ठप्प. ते थांबलं. केंद्रस्तरीय क्रीडा स्पर्धेला आमचाच स्पीकर नेला होता. मुलींचा लंगडीचा संघ जिंकल्याचं आमच्याच माईकवरून पुकारलं गेलं.

पण वर्गणी खरी वसूल झाली ती रोजच्या परिपाठात. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, पाढे: पाळीपाळीने प्रत्येक मुलाच्या हातात माईक येतो. तिसरीत एक मुलगी आहे. दोन वर्षं वर्गात तिचा आवाज बाईंनी जेमतेम ऐकला होता. ३ जानेवारीला दिनविशेष तिच्या वाट्याला आला. "आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावात १८३१ साली सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला." एवढंच वाक्य, पण ते शाळेमागच्या विहिरीवर धुणं धुणाऱ्या तिच्या आईपर्यंत पोचलं. ती ओल्या हातांनी शाळेच्या फाटकात येऊन उभी राहिली. मुलगी आता पाढ्यांसाठीही हात वर करते.

फेब्रुवारीत स्नेहसंमेलनाला आम्ही शिष्यवृत्तीवाल्या मुलीला मुद्दाम पुन्हा बोलावलं. ती आता सहावीला दुसऱ्या गावी जाते. तिने तेच भाषण केलं, तोच कागद. आजी पुढेच बसली होती. या वेळी तिने कुणाला काही विचारलं नाही, पदराने डोळे पुसत शेवटपर्यंत ऐकत राहिली.

कॉर्डलेस माईकचे सेल महिन्याला बदलावे लागतात, ते चार्जिंगचे घ्या, स्वस्त पडतात. चाकं खडीवर टिकत नाहीत. आम्ही उचलूनच नेतो. चार्जिंगचं काम पाचवीच्या मुलांकडे दिलंय. दर शनिवारी ते चार्जरची पिन लावतात आणि कपाटाच्या दारावर खडूने तारीख लिहितात. मे महिन्याच्या सुटीत स्पीकर माझ्या घरी राहील, चार्जरसकट.