बारशाला पेढे आणि चिरूट: कधीतरीच ओढणाऱ्या पाहुण्यांसाठी स्वस्तातला कोणता घ्यावा?

अमेरिकेत मूल झालं की बापाने मित्रांना चिरूट वाटायचे, ही जुनी रीत. निळ्या किंवा गुलाबी पट्टीवर मुलगा की मुलगी ते छापलेलं असतं. आपल्याकडे पेढे, इथे चिरूट. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या माझ्या मेहुण्याला दोन्ही करायचं होतं. भाचीचं बारसं, घरामागच्या डेकवर जेवण, पंचवीसेक माणसं. त्याचा फोन आला, "दाजी, साठ-सत्तर डॉलरच्या आत काय मिळेल? आणि कुणाला चक्कर येता कामा नये."

चक्कर शब्दाला इतिहास आहे. सात वर्षांपूर्वी आमच्या चिरंजीवांच्या बारशाला मीच चिरूट आणले होते. दुकानदाराने दाखवले ते घेतले: जाडजूड, काळेभोर, सहा इंच लांब. एका मित्राने उपाशीपोटी अर्धा ओढला आणि पांढराफटक होऊन पायरीवर बसला. गावाकडे तळहातावर तंबाखू मळून खाणारा गडी, त्यामुळे त्याला स्वतःबद्दल खात्री होती. ती तंबाखू वेगळी आणि ही वेगळी. त्याला दोन गुलाबजाम पाकासकट खायला घातले, तेव्हा रंग परतला.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. क्वचित ओढणाऱ्याला नाव, देश, पट्टीवरची सोनेरी अक्षरं यांतलं काही कळत नाही. त्याला तीन गोष्टी कळतात: ओढायला सोपा आहे का, घशाला लागतो का, आणि संपतो का. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. पाहुण्याला दिलेले निम्मे चिरूट अर्धवट राखदाणीत पडतात. म्हणून छोटा घ्यावा, सौम्य घ्यावा, आणि अर्धा टाकला तरी जिवाला लागणार नाही अशा किमतीचा घ्यावा.

आधी मापाचं बघू, कारण घोटाळा तिथेच होतो. लांबी इंचांत असते आणि जाडी 'रिंग'मध्ये. रिंग 50 म्हणजे इंचाचे 50/64. दुकानात हल्ली रिंग 60 चे दांडके दिसतात. कमी पैशांत जास्त माल, असं वाटतं खरं. पण तो संपायला तास-दीड तास लागतो, आणि नवख्याचा उत्साह वीस मिनिटांत ओसरतो. चार ते साडेचार इंच हे बारशाचं माप. रंगाचंही तसंच. काळा म्हणजे कडक हे खरं नाही. बाहेरचं गडद, 'मादुरो' पान जास्त आंबवलेलं असतं आणि पुष्कळदा गोडसर लागतं. कडकपणा बराचसा आतल्या पानांवर ठरतो. तरी नवख्यासाठी फिकट तपकिरी, 'कनेटिकट शेड' पानाचा घ्यावा, कारण ते पान वापरणारे बहुतेक कारखाने आतलं मिश्रणही सौम्य ठेवतात.

या पानाचं नाव न्यू जर्सीच्या मराठी माणसाला परकं वाटायला नको. कनेटिकट नदीचं खोरं इथून गाडीने दोन-तीन तासांवर आहे. 1900 च्या सुमारास तिथल्या शेतकऱ्यांनी तंबाखूवर कापडाचे मांडव घालायला सुरुवात केली. सावलीत पान पातळ, मऊ आणि कमी शिरांचं होतं. तिथल्या विंडसरला या शेतीचं छोटं संग्रहालय आहे. मार्टिन ल्यूथर किंग विद्यार्थी असताना 1944 च्या उन्हाळ्यात याच खोऱ्यातल्या सिम्सबरीच्या तंबाखूच्या शेतावर कामाला होते. आता तिथली लागवड फार घटली आहे. 'कनेटिकट' म्हणून विकलं जाणारं बरंच पान इक्वाडोरमध्ये पिकतं. तिथे आकाश इतकं ढगाळ असतं की मांडवाचा खर्चच वाचतो.

आता एकेक उमेदवार. किमती अंदाजे आहेत, राज्याराज्यात आणि दुकानादुकानात बदलतात.

पेट्रोल पंपावरचे. स्विशर स्वीट्ससारखे, यंत्रावर केलेले, पाकिटाला दोन-तीन डॉलर. या प्रकारात आत बारीक चुरा असतो आणि बाहेर बहुधा तंबाखूचा लगदा लाटून केलेला कागदासारखा पापुद्रा. गोडवा वरून लावलेला. स्वस्त आहेत, वाळायची भीती नाही, लगेच पेटतात. पण चुरा भराभर जळतो, धूर गरम होतो आणि जीभ चुरचुरते. पंचवीस माणसांच्या कार्यक्रमात ज्याला गंमत म्हणून दोनच झुरके घ्यायचे आहेत त्याला चालेल. ज्याला 'चिरूट कसा असतो' हे बघायचं आहे त्याची मात्र फसवणूक होते. मी घेणार नाही.

क्वोरम शेड. फ्लोरिडातल्या टँपाच्या जे. सी. न्यूमन कंपनीचा हा चिरूट निकाराग्वात हाताने वळला जातो. आत अखंड पानं आणि तुकडे यांचं मिश्रण, वर इक्वाडोरचं कनेटिकट पान. वीसच्या जुडीत मिळतो, एकेक अडीच-तीन डॉलरच्या आसपास. दहाहून जास्त माणसं ओढणार असतील तर हिशेबात याला तोड नाही. खोट एवढीच की जुडीतले सगळे सारखे निघत नाहीत. एखादा ओढायला जड जातो, एखादा एका बाजूने जळत जातो. ज्याला सवय आहे तो सावरून घेतो. नवख्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय.

मॅकानुडो कॅफे. सौम्य चिरूट म्हटला की अमेरिकेतले दुकानदार पहिल्यांदा हाच काढून देतात, आणि त्यांचं बरोबर आहे. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये होतो, वर कनेटिकट शेड पान. चव मलईसारखी, थोडी लाकडाची, थोडी भाजलेल्या दाण्यांची. मुरलेले लोक याला 'वरणभात' म्हणून नाक मुरडतात. तर मुरडोत, आपल्या पाहुण्याला वरणभातच हवा आहे. मोठ्या मापाचे सात-आठ डॉलरला पडतात, ते नका घेऊ. 'अ‍ॅस्कॉट' नावाचा बारीक, चार इंची, दहाच्या पत्र्याच्या डबीत येतो. डबी वीस डॉलरच्या आसपास. वीस मिनिटांत संपतो. डबी टेबलावर उघडी ठेवली की ज्याला हवा तो उचलतो, आग्रह करावा लागत नाही. हे मला फार सोयीचं वाटतं, कारण आपल्याकडे जिलबीचा आग्रह आणि तंबाखूचा आग्रह यात लोक फरक करत नाहीत.

शातो फुएन्ते. माझी पहिली पसंती. आर्तुरो फुएन्ते हे 1912 मध्ये टँपात सुरू झालेलं घराणं, आज कारखाना डोमिनिकन रिपब्लिकमध्ये. साडेचार इंच, रिंग 50, अखंड पानांचा, वर कनेटिकट शेड, आणि प्रत्येक चिरूट देवदाराच्या पातळ पापुद्र्यात गुंडाळलेला. सहा-सात डॉलर. तो पापुद्रा काढताना वास येतो, आणि नवखा माणूस तिथेच खूश होतो. त्याची बारीक काडी फाडून, ती पेटवून तिच्यावर चिरूट पेटवता येतो. पोरासोरांसमोर नको, पण मोठ्यांनाही आगीशी खेळायला आवडतंच. जळतो सरळ, राख घट्ट धरतो. साधारण चाळीस मिनिटं, म्हणजे गप्पांच्या एका फेरीपुरता. मॅकानुडोपेक्षा चवीला थोडा भरीव आहे. पोट भरलेलं असेल तर सौम्यच वाटेल.

याच घराण्याचा 'शॉर्ट स्टोरी' चार इंची, दोन्ही टोकांना निमुळता, देखणा. पण त्यावर कॅमेरून पान आहे आणि चव मसालेदार. शिवाय अनेक दुकानांत सहज मिळत नाही. मिळाला तर स्वतःसाठी ठेवा.

बक्कारात आणि अ‍ॅसिड. दोन्ही 'गोड' म्हणून ओळखले जातात, पण जातकुळी वेगळी. बक्कारात होंडुरासचा, सौम्य, चारेक डॉलर. तोंडाकडच्या टोपीला गोड डिंक लावलेला असतो, आतला तंबाखू साधाच. ओठांना गोड लागलं की नवखा निम्मा जिंकला. सिगारेटसुद्धा न ओढलेल्या माणसाला मी हा देईन. ड्रू इस्टेट कंपनीचा अ‍ॅसिड मात्र तेलं आणि वनस्पतींच्या सुवासात मुरवलेला. त्यातला 'ब्लाँडी' चार इंची बारीक आहे. कुणाला तो उदबत्तीसारखा वाटतो आणि अतिशय आवडतो, कुणाला अजिबात सोसत नाही. एक-दोनच घ्या आणि वेगळ्या पिशवीत ठेवा. बाकीच्यांबरोबर ठेवलात तर दोन दिवसांत सगळ्यांना तोच वास लागेल. मॅसॅच्युसेट्समधल्या मंडळींनी हा विचार सोडावा, तिथे 2020 पासून सुवासिक तंबाखू दुकानात विकायला बंदी आहे.

तोस्कानो. इटालियन, सुकलेला, वाकडातिकडा, धुरावर वाळवलेल्या केंटकी तंबाखूचा. ओलावा सांभाळायची कटकट नाही, मधे कापून दोघांना देता येतो, म्हणून कागदावर आदर्श. प्रत्यक्षात चुलीजवळ बसल्यासारखा धूर आणि भलताच कडक. पाहुण्यांना नको.

आणि क्यूबन. हा प्रश्न कोणीतरी विचारतोच, कारण कोणाचा तरी भाऊ दुबईहून येत असतो. क्यूबाशी व्यापारबंदी 1962 पासून आहे. मधे काही वर्षं प्रवाशाला सामानातून आणायची सवलत होती, तीही सप्टेंबर 2020 मध्ये काढून घेतली. आणता येत नाही, विषय संपला. शिवाय बनावट मालाचा सुळसुळाट. आणि खरा मिळाला तरी क्वचित ओढणाऱ्यावर तो वाया.

कुठून घ्यावेत? न्यू जर्सीत चिरुटावर घाऊक किमतीच्या 30 टक्के कर आहे. शेजारच्या पेनसिल्वेनियात मोठ्या चिरुटांवर राज्याचा तंबाखू कर नाही, म्हणून तिथल्या दुकानांतल्या किमती बघून आपल्या लोकांना हेवा वाटतो. सहा-आठ नगांसाठी एवढी यातायात करू नका. जवळच्या चिरुटाच्या दुकानात जा, ओलावा राखलेल्या खोलीतून सुटे घ्या, हलक्या हाताने दाबून बघा: किंचित दबला पाहिजे, करकरला नाही पाहिजे. वयाचा पुरावा न्या. 2019 च्या डिसेंबरपासून देशभर 21 ची अट आहे. कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी आणून झिपच्या पिशवीत 65 किंवा 69 टक्के ओलावा राखणारी पुडी टाकून ठेवा. फ्रिजमध्ये नको, कोरडे पडतात आणि वर लसणाचा वास.

किती घ्यावेत, तर तुम्हाला वाटतात त्याच्या निम्मे. पंचवीसांत बायका-मुलं, न ओढणारे, पाठीमागे डॉक्टर बायको उभी असलेले, हे सगळे वजा केले की सात-आठ उरतात. त्यातले तिघे-चौघेच शेवटापर्यंत जातात.

कापायला साधी दोन पात्यांची कात्री पाच डॉलरला मिळते. टोपीचा फक्त शेंडा उडवायचा. खांद्याखाली, म्हणजे टोपीची गोलाई संपते त्याच्या खाली, कापलात तर वरचं पान उलगडत जातं. पेटवायला ब्यूटेनचा लायटर. पेट्रोलच्या लायटरचा किंवा सुवासिक मेणबत्तीचा वास पहिल्या इंचात उतरतो. पाहुण्याला दोन गोष्टी सांगा: धूर तोंडातच ठेवायचा, छातीत घ्यायचा नाही, आणि मिनिटाला एकच झुरका. विझला तर विझू दे, राख झटकून पुन्हा पेटवता येतो. आणि जेवणानंतरच द्यायचा, आधी मुळीच नाही. मोठ्या एका चिरुटात सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो. धूर आत न घेताही तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका राहतोच, म्हणून कोणी 'नको' म्हणाला की दुसऱ्यांदा विचारू नये. ज्यांना नुसती गंमत हवी त्यांच्यासाठी चिरुटाच्या आकाराचं बबलगम मिळतं, निळ्या-गुलाबी वेष्टनात. आमच्याकडे आजोबांनाच ते सगळ्यात आवडलं.

बाळ ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध टोकाला खुर्च्या मांडा, वाऱ्याची दिशा बघून. आणि ओढून झाल्यावर हात-तोंड धुऊन, सदरा बदलल्याशिवाय बाळ कोणाच्या हातात द्यायचं नाही. हा नियम माझ्या सासूबाईंचा, आणि एका काकांना त्यांनी खरोखर दुसरा सदरा आणून दिला.

मेहुण्याने शेवटी पाच शातो फुएन्ते, एक अ‍ॅस्कॉटची डबी आणि दोन बक्कारात घेतले. करासकट सत्तरच्या थोडं वर गेलं. सात वर्षांपूर्वी पायरीवर बसलेला मित्रही आला होता. त्याने जेवण झाल्यावर स्वतःहून एक अ‍ॅस्कॉट उचलला, दुसऱ्या हातात गुलाबजामची वाटी घेऊन.