ट्यूशनचे बारा हजार: लोनमध्ये घालायचे की फिरायला जायचं?

माझी नणंद बदलापूरला राहते, नोकरी एका प्रायव्हेट कंपनीत अकाउंट्सला, आणि गेल्या वर्षापासून संध्याकाळी घरीच आठवी ते दहावीच्या मुलांना बीजगणित-भूमिती शिकवते. त्याचे आणि दिवाळीतल्या फराळाच्या ऑर्डरींचे मिळून, खर्च वजा जाता, वर्षाला १ लाख ४४ हजार सुटतात, म्हणजे महिन्याला सरासरी १२ हजार. (वरकमाई म्हणणार होते, पण वरकमाई म्हटलं की लोकांना टेबलाखालचीच आठवते, म्हणून साइड इन्कम म्हणू.) आता तिचा नवरा म्हणतो सगळेच्या सगळे होम लोनमध्ये टाक, तिला वाटतं पोरगा ९ वर्षांचा आहे तोवर त्याला घेऊन फिरून घ्यावं, आणि रविवारी फोन आला, वहिनी तूच सांग काय ते. तासभर बोललो, मग मी एक्सेल उघडून बसले. बऱ्याच घरात हाच वाद असतो म्हणून आकड्यांसकट लिहितेय.

आधी लोन. ४० लाख, २० वर्षं, ८.५ टक्के, हप्ता ३४,७१३, आणि पाच वर्षं भरून झाली. दर मधे वरखाली होतच असतो पण हिशोबाला सपाट ८.५ धरलाय. पाच वर्षांत भरले २० लाख ८३ हजार आणि मुद्दल कमी झालं फक्त पावणेपाच लाख, अजून ३५ लाख २५ हजार उभेच आहेत. हा आकडा तिने स्टेटमेंटमध्ये पहिल्यांदा नीट बघितला तेव्हा म्हणे जेवणच गेलं नाही. नवऱ्याचा हट्ट तिथूनच सुरू झाला आणि त्यात चूक काही नाही.

त्याचं ऐकलं तर काय होतं? दर महिन्याला १२ हजार जादा गेले तर उरलेल्या १८० हप्त्यांचे साधारण १०८ होतात. पंधरा वर्षांचं नऊ वर्षांत संपतं आणि व्याज जवळजवळ ११ लाख ८७ हजार वाचतं. फ्लोटिंग म्हणजे बदलत्या रेटच्या होम लोनवर बँकेला प्रीपेमेंटचा, म्हणजे मुदतीआधी जादा पैसे भरल्याचा, दंड लावता येत नाही, तो नियम जुनाच आहे, तरी लोक अजून घाबरतात. आणि हे वाचलेलं व्याज म्हणजे ८.५ टक्क्यांचा पक्का, टॅक्स न लागणारा परतावाच समजा. एफडीच्या व्याजावर टॅक्स लागतो, म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत जास्त मिळूही शकतं पण पक्कं काही नाही.

फक्त नऊ वर्षांनी पोरगा १८ चा असेल. लोन संपल्याचे पेढे वाटायचे आणि त्याला म्हणायचं चल बाळा आता फिरायला, तर तो म्हणणार तुम्ही जा, मी मित्रांबरोबर जातोय.

दुसरं टोक, सगळे फिरण्यावर. वर्षाला दीड लाखाच्या आसपास म्हणजे तिघांची एक हिमाचल किंवा केरळ आरामात आणि वर एखादी कोकण ट्रिप. लोन आपल्या गतीने चालू, संपेल तेव्हा पोरगा २४ चा. मला हे सरळसरळ पटत नाही, कारण दर वर्षी दीड लाखाचं फिरायची सवय लागली की ट्यूशन बंद पडल्यावरही ती सुटत नाही, मग क्रेडिट कार्डावर ट्रिप आणि तिचे हप्ते. घर हप्त्यावर घेतलं ते ठीक, मनाली हप्त्यावर कशाला?

आता मधला रस्ता, आणि इथे मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. निम्मे, म्हणजे फक्त ६ हजार जादा भरले तर १८० चे १३५ हप्ते होतात, सव्वाअकरा वर्षं, आणि व्याज ७ लाख ६८ हजार वाचतं. बघा, पैसे निम्मे घातले पण फायदा निम्मा नाही झाला, जवळजवळ दोन तृतीयांश मिळाला. पहिले ६ हजार ४५ हप्ते कापतात, त्यावरचे ६ हजार फक्त २७. मी दोनदा तपासलं, मला वाटलं फॉर्म्युला चुकला. दर ८.५ ऐवजी ७.५ असला तरी आकडे बदलतील पण चित्र असंच राहील.

म्हणजे फिरण्याची खरी किंमत किती ते आता नेमकं सांगता येतं. वर्षाला ७२ हजार फिरायला ठेवले तर लोन सव्वादोन वर्षं जास्त चालणार आणि सगळं लोनमध्ये जाऊ दिलं असतं त्यापेक्षा ४ लाख १९ हजार व्याज जादा जाणार. फुकट नाहीये हे. पण त्यात पोराची ९ ते १८ ही सगळी वर्षं येतात. माझ्या मते घ्यावा हा सौदा, मी घेतला असता.

घेतला असता म्हणतेय कारण आम्ही उलटं केलं होतं. साठलेले २ लाख ४० हजार झटक्यात लोनमध्ये भरले, फार हुशार वाटलं, आणि चौथ्या महिन्यात बाबांचं ऑपरेशन निघालं, तिला माहितीच आहे. लोनमध्ये भरलेले पैसे बँक परत देत नाही. मग १४ टक्क्यांचं पर्सनल लोन घेतलं, म्हणजे साडेआठ वाचवायला गेलो आणि चौदा भरत बसलो. म्हणून तिला सांगितलं, पहिलं वर्ष ना लोन ना ट्रिप, आधी चार-पाच महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला काढ. स्टेट बँकेच्या मॅक्सगेनसारखं ओव्हरड्राफ्टवालं लोन असेल तर ही भीती कमी, जादा ठेवलेले पैसे काढता येतात आणि तोवर तेवढ्यावर व्याज लागत नाही. तिचं साधं आहे.

अजून एक, जादा पैसे भरताना हप्ता कमी करायचा की मुदत, ते स्वतः सांगायचं. आम्ही न सांगता १ लाख भरले होते, बँकेने गुपचूप हप्ता हजारभराने कमी करून मुदत तशीच ठेवली. तिच्या लोनवर एकरकमी लाख भरून हप्ता तोच ठेवला तर जवळजवळ १० हप्ते उडतात. त्यामुळे लेखी मुदत कमी करा म्हणायचं आणि नवीन शेड्यूल हातात आल्याशिवाय उठायचं नाही. आणि याच्याही आधी दर बघायचा. २०२५ मध्ये रेपो रेट (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) ६.५० वरून ५.२५ वर आला, तुमचं जुनं लोन अजून एमसीएलआरवर (बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते तो दर) असेल तर ती कपात उशिरा आणि अर्धवट पोचते, थोडी फी भरून रेपोवर बदलून मिळतं. एक पैसा जादा न घालता होणारं हे काम आहे, म्हणून पहिलं.

टॅक्सचं थोडक्यात. इन्कम टॅक्सच्या जुन्या रेजिममध्ये राहत्या घराच्या लोनच्या व्याजावर २ लाखांपर्यंत वजावट मिळते, नव्यात नाही. प्रीपेमेंट केलं तर टॅक्स बेनिफिट जाईल असं ऑफिसात कोणीतरी सांगतंच, पण तिचं या वर्षीचं व्याजच ३ लाखांच्या जवळ आहे, ते २ लाखांखाली यायलाच काही वर्षं जातील. जुन्या रेजिममध्ये एलटीए (कंपनी देते त्या प्रवासभत्त्यावरची टॅक्स सूट) पण मिळतो, चार वर्षांच्या ब्लॉकमध्ये दोन प्रवास, भारतातल्या भारतात आणि फक्त तिकिटाचे पैसे, हॉटेल-जेवण नाही. ट्यूशनचं उत्पन्न मात्र रिटर्नमध्ये दाखवायचं, ते आलं की नोकरदारांचा साधा आयटीआर-१ चालत नाही. आणि नोकरीच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये दुसरं काम करायला मनाई नाही ना ते वाचायचं. तुम्ही शाळेत शिक्षक असाल तर विषयच संपला, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकांना खाजगी शिकवणीला बंदी आहे.

७२ हजारात काय होतं म्हणाल तर आमची गेल्या मेमधली तारकर्ली सांगते. ट्रेनने कुडाळ, तिथून रिक्षा, चार दिवस होमस्टे, घरचं माशांचं जेवण, तिघांचे मिळून २४ हजार. मालवणच्या जेट्टीवरून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यात गेलो तर आत तीन विहिरी, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. मुलीने आधी हात घालून समुद्राचं पाणी चाखलं, थू थू केलं, मग विहिरीचं चाखलं आणि गाइडच्या मागेच लागली की चारी बाजूंनी खारं तर हे गोड कसं. ती अकरा वर्षांची आहे, घरी येऊन आठवडाभर हेच चालू होतं. सोळाव्या वर्षी तिने ते पाणी चाखलं असतं का, मला नाही वाटत. दोन वर्षं अशी कोकण ट्रिप करून उरलेले साठवले तर तिसऱ्या वर्षी लांबची मोठी बसते.

नणंदेचा एक घोळ होता, एप्रिल-मेमध्ये ट्यूशन बंद म्हणजे तेव्हा पैसे शून्य आणि फिरायचंही तेव्हाच. त्यामुळे महिन्याचे ६ हजार वगैरे कागदावरच. तिने केलंय असं, फी जमा झाली की निम्मी दुसऱ्या खात्यात, ते ट्रिपचं खातं, आणि लोनमध्ये दर महिन्याला न भरता मार्चला आणि दिवाळीनंतर असं दोनदा भरायचं. व्याजात किंचित फरक पडतो, पण हाताशी पैसे राहतात आणि बँकेच्या फेऱ्या वाचतात.

नवरा अजून पूर्ण तयार नाही, ४ लाख १९ हजार हा आकडा त्याने पाठच केलाय. पण काल त्यानेच विचारलं म्हणे कुडाळचं रिझर्व्हेशन कधी उघडतं. ६० दिवस आधी, सकाळी ८ ला. १० मेचं हवं असेल तर ११ मार्च.